कलम नऊ-चार आणि आमचे घर

आमची मुलगी विमान चालवते, असे आम्ही लोकांना सांगतो. वस्तुतः महिन्यातले काही दिवस ती विमान चालवत नाही, आणि ते न चालवण्यासाठी तिला परगावी जावे लागते.

या विधानात विसंगती दिसत असेल तर दोष विधानाचा नाही. मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आहे. विसंगत विधाने मी ओळखतो, ती करीत नाही. विमान कंपन्यांत ‘राखीव ड्युटी’ नावाचा एक प्रकार असतो. एखादा वैमानिक ऐनवेळी आजारी पडला किंवा रस्त्यात अडकला, तर त्याच्या जागी उभा करायला एक जादा वैमानिक तयार ठेवलेला असतो. सकाळी सहा ते दुपारी दोन त्याने फोन वाजण्याची वाट पाहायची. वाजला की दहा मिनिटांत उत्तर द्यायचे आणि तीन तासांच्या आत बेसवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य विमानतळावर, हजर व्हायचे. नाही वाजला, तर दोन वाजता ‘आज आपण काम केले’ असे स्वतःला समजावून गणवेश उतरवायचा. निष्क्रियतेला इतकी शिस्त लावणारी दुसरी संस्था मला ठाऊक नाही, आणि मी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर नऊ वर्षे होतो.

मुलीला घरात चिऊ म्हणतात. हे नाव ती पाच दिवसांची असताना तिच्या आईने ठेवले. पुढे ती उडणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते, त्यामुळे दूरदृष्टीचे श्रेय कुणी घेऊ नये. चिऊ तेव्हा को-पायलट होती. तिचा बेस आमच्या गावापासून विमानाने पंचावन्न मिनिटांवर. तिथे तिने आणखी तीन को-पायलट मुलींबरोबर एक खोली घेतली होती. खोलीत एकावर एक असे चार पलंग आणि एक खिडकी. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसे. आठ महिन्यांत अठ्ठेचाळीस दिवस चिऊने त्या टाकीसमोर बसून काढले, आणि फोन आला पाच वेळा. त्यातल्या तीन वेळा ती धावत विमानतळावर पोचली आणि त्यांतही दोनदा ‘आता गरज नाही’ असे ऐकून परत आली. उरलेल्या दोन फोनांबद्दल बोलणे मला आवडत नाही, पण बोलावे लागेल. पहिला आला तेव्हा ती अंघोळ करीत होती. दुसरा आला तेव्हा तिची लाइन अडलेली होती, कारण तिची आई तिला फोन करून वीस मिनिटे विचारीत होती, की फोन आला का.

प्रत्येक चुकलेल्या फोनाची किंवा उशिरा हजेरीची कंपनीत एक लाल नोंद होते. अशा दोन झाल्या होत्या. तिसरी झाली असती, तर कॅप्टनच्या प्रशिक्षणासाठी निवडलेल्यांच्या यादीतून चिऊचे नाव दोन वर्षे मागे गेले असते. यादी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला लागायची होती. मध्ये उरले होते राखीव ड्युटीचे फक्त सहा दिवस.

“सहा दिवस ती त्या भिंतीकडे बघत बसणार,” बायको म्हणाली. “त्यापेक्षा आपल्या भिंतीकडे बघत बसली तर काय बिघडतं? आपली भिंत तरी स्वच्छ आहे.”

“ती टाकी आहे. भिंत नव्हे.”

“तुमचं हे असंच. पोरगी तिकडे एकटी फोनकडे टक लावून बसलीय, आणि तुम्ही टाकी का भिंत ते ठरवताय.”

मी मुद्दा सोडून दिला. पण त्या रात्री मी चिऊची ड्युटी-नियमावली उघडली. माझ्या सर्व यातनांचा उगम त्या चारशे बारा पानांत आहे.

मी आयुष्यात पुष्कळ दुर्बोध ग्रंथ वाचले. काहींचे लेखक प्रामाणिकपणे दुर्बोध होते, काहींना सांगण्यासारखे काहीच नव्हते. नियमावलीचा लेखक यांपैकी कुठल्याही वर्गात बसेना. कलम नऊ-चारमध्ये लिहिले होते, की राखीव कर्मचाऱ्याने ‘योग्य ठिकाणी’ थांबावे. योग्य ठिकाण म्हणजे काय, ते परिशिष्टात दिले होते: ‘जिथे राखीव कर्मचाऱ्याने थांबणे योग्य आहे असे ठिकाण.’ मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि थोडा वेळ अंधारात पाहत बसलो. नेमकी अशीच व्याख्या मी पहिल्या वर्षाच्या प्रश्नपत्रिकेत ‘दोष ओळखा’ या शीर्षकाखाली बत्तीस वर्षे घातली होती. काही विद्यार्थ्यांना तो दोष कधीच ओळखता आला नाही. ते पुढे कुठे नोकरीला लागले, याचा मला त्या रात्री उलगडा झाला.

परंतु व्याख्या पोकळ असली की तिच्यात आपले घर बांधता येते. नियमात कुठेही ‘बेसच्या गावात’ हे शब्द नव्हते. तीन तासांत हजर होता आले पाहिजे, एवढीच काय ती अट. मी कागद घेतला. घरापासून विमानतळ वीस मिनिटे. विमान सुटण्यापूर्वी वीस मिनिटे तिथे हवे. सकाळी सहापासून दर तासाला बेसकडे विमान आहे, म्हणजे फार तर साठ मिनिटे थांबणे. पंचावन्न मिनिटे प्रवास. उतरून हजेरीच्या खिडकीपर्यंत पंधरा. बेरीज दोन तास पन्नास मिनिटे. दहा मिनिटे शिल्लक राहत होती. आमचे घर हे कंपनीच्या व्याख्येनुसार योग्य ठिकाण होते, आणि मी ते सिद्ध केले होते.

या सिद्धतेत एक गृहीतक होते: विमाने वेळेवर सुटतात. गृहीतकाला पुरावा द्यावा लागत नाही, म्हणून मी तो मागितला नाही.

मी अकरा पानी पत्र लिहून, कोष्टक जोडून, कंपनीच्या रोस्टर कक्षाला पाठवले. कुणी कधी कुठे उडायचे ते हा कक्ष ठरवतो. चार दिवसांनी चिऊचा फोन आला.

“बाबा, तुम्ही माझ्या ऑफिसला पत्र लिहिलंत?”

“मी एका व्याख्येला पत्र लिहिलं. ती तुझ्या ऑफिसात राहते.”

“सगळा कक्ष वाचतोय ते. तळटीपांसकट. एकीने मला विचारलं, अन्योन्याश्रय हे तुझ्या वडिलांचं नाव का.”

अन्योन्याश्रय म्हणजे काय ते येथेच सांगून टाकतो, कारण पुढे ते लागणार आहे. ‘अ’ला ‘ब’ची गरज, ‘ब’ला ‘अ’ची, त्यामुळे दोघेही जागचे हलत नाहीत. तर्कशास्त्रात हा दोष मानतात. प्रशासनात याला कार्यपद्धती म्हणतात.

पत्राचे उत्तर दोन ओळींचे आले. त्यात ‘आपले पत्र मिळाले’ ही पहिली ओळ होती आणि ‘मिळाल्याची नोंद घेतली आहे’ ही दुसरी. मी फोन लावला. पलीकडे रोस्टरबाई होत्या. त्यांचा आवाज इतका शांत होता, की त्या खुर्चीत बसून त्यांनी आजवर किती लोकांची झोपमोड केली असेल याचा अंदाज यावा.

“कोण बोलतंय?”

“एका राखीव को-पायलटचा बाप.”

“बापांसाठी आमच्याकडे वेगळा विभाग नाही.”

“मला विभाग नको. उत्तर हवंय. तिने घरी थांबलेलं चालेल की नाही?”

“तसं लिहून देता येणार नाही.”

“मग ‘चालणार नाही’ असं लिहून द्या.”

“तेही देता येणार नाही. नियमात तसं नाहीये ना.”

“म्हणजे चालेल.”

“असं मी म्हटलं नाही.” मग त्या थोड्या थांबल्या. बहुधा त्यांनाही मुलगी असावी, किंवा चहा आला असावा. “हे बघा काका, ती वेळेत आली, तर कुठून आली हे आम्ही विचारत नाही. तसा रकानाच नाहीये फॉर्मवर.”

याहून स्पष्ट संमती मला माझ्या लग्नातही मिळाली नव्हती.

चिऊ तयार नव्हती. “आणि विमान चुकलं तर?” ती विचारीत राहिली. मी तिला फोनच्या पडद्यावर कोष्टक दाखवले. तिने ते कोष्टक, हवेतली विमाने रोज पाहणाऱ्या माणसाने कागदी विमान पाहावे तसे पाहिले. पण आईने तोवर तिचा पलंग खिडकीजवळ सरकवून ठेवला होता. शेवटी ती घरी आली.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला सगळे घर उठले. गणवेश इस्त्री करून दाराच्या मागे टांगला. बूट दाराकडे तोंड करून ठेवले. फोन एका स्टीलच्या ताटात, ताट स्टुलावर आणि स्टूल घराच्या बरोबर मध्यभागी. तिथून तो बाथरूमपर्यंत ऐकू जातो याची मी आदल्या दिवशी दोनदा खात्री केली होती. अंघोळीच्या वेळी आईने ताट हातात धरून बाथरूमच्या दाराशी उभे राहायचे ठरले. साडेसहाला ती तशी उभी असतानाच दूधवाल्याने बेल वाजवली, आणि चिऊ साबणासकट बाहेर आली.

साडेसातला वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर खाली आले. त्यांच्या मते विमान म्हणजे रूळ हरवलेली आगगाडी. इतर बाबतींत ते सज्जन आहेत.

“रेल्वेत आमच्याकडे असं नव्हतं,” खुर्ची ओढत ते म्हणाले. “जादा ड्रायव्हर स्टेशनातच झोपायचा. उठवायला माणूस पाठवायचो. फोनबिन काही नाही. हलवून उठवलं की उठलाच पाहिजे.”

“ही घरी आहे,” मी म्हणालो. “आम्ही हलवू.”

“फोन चालू आहे का बघितलंत?”

“चालू आहे.”

“वाजतो का पण?” असे म्हणून त्यांनी खिशातून आपला फोन काढला आणि काही कळायच्या आत चिऊचा नंबर लावला. ताट थरथरले. चिऊ पलंगावरून उडाली, एका बुटात पाय घातला, आई स्वयंपाकघरातून उलथने घेऊन धावत आली, आणि मी कोष्टक उघडले. “वाजतो,” स्टेशनमास्तर समाधानाने म्हणाले. ही तपासणी त्या दिवशी त्यांनी आणखी दोनदा केली. तिसऱ्यांदा मी त्यांचा फोन काढून घेतला आणि तो आमच्या कपाटात ठेवला. आमच्या अठ्ठावीस वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या अंगाला हात लावण्याचा तो पहिला प्रसंग.

टॅक्सीचा प्रश्न मी आधीच सोडवला होता. गल्लीच्या तोंडाशी उभे राहणारे एक टॅक्सीवाले सहा ते दोन आमच्या दारात थांबायला कबूल झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सांगितले, की आठ तास एका जागी बसवत नाही, मधेच चहाला जावे लागते. म्हणून त्यांनी आपल्या मेहुण्याला राखीव म्हणून आणून बसवले आहे. राखीव मुलीला राखीव टॅक्सी, आणि टॅक्सीला राखीव मेहुणा. मी तर्कशास्त्रात ज्याला अनवस्था म्हणतात तो प्रकार पाहत होतो: प्रत्येक आधाराला आणखी एक आधार, आणि शेवट कुठेच नाही. पण त्या वेळी मला ते नियोजन वाटले.

दिवस जात राहिले आणि फोन आला नाही. घरात कुणी धड बसेना. बायको दर तासाला चिऊपुढे काहीतरी खायला ठेवी, कारण उपाशीपोटी बोलावणे आले तर. चिऊ बाल्कनीत जाई, परत येई, फोनची बॅटरी बघे, गणवेशावरचा नसलेला धागा काढी. मी वाचायला बसे, आणि अर्ध्या तासाने ध्यानात येई की पान तेच आहे. खालून टॅक्सीवाले वर बघत, वरून स्टेशनमास्तर खाली बघत.

चौथ्या दिवशी चिऊ म्हणाली, “बाबा, खरं सांगू? तिथे मला झोप तरी लागायची.”

“इथे तुझी काळजी घेणारे लोक आहेत.”

“म्हणून तर.”

झोप येत नसल्यामुळे ती नियमावली वाचू लागली. मी तिला कलम नऊ-चार वाचण्याची शिफारस केली. ते पाठ आहे, असे म्हणून ती पुढची पाने उलटत राहिली. वाचनात असा बेशिस्तपणा मला पसंत नाही.

सहाव्या, म्हणजे शेवटच्या दिवशी, नऊ वाजून चार मिनिटांनी ताट थरथरले.

सर्वांनी प्रथम स्टेशनमास्तरांकडे पाहिले. त्यांनी दोन्ही हात वर केले. चिऊने फोन उचलला, “हो,” म्हणाली, पुन्हा “हो,” म्हणाली आणि ठेवला.

“बारा वाजून चार मिनिटांच्या आत हजर. काम तिथे गेल्यावर कळेल.”

पुढची चार मिनिटे आमच्या कुटुंबाच्या इतिहासातली सर्वांत शिस्तबद्ध होती. आम्ही खाली उतरलो. मुलगी बॅग घेऊन, मी कोष्टक घेऊन, आणि कुणीही बोलावले नसताना स्टेशनमास्तर तिची टोपी घेऊन. टॅक्सीत मेहुणा बसला होता. टॅक्सीवाले चहाला गेले होते. किल्ली टॅक्सीवाल्यांच्या खिशात होती.

“तुम्ही राखीव आहात ना?” मी मेहुण्याला विचारले.

“आहे ना.”

“मग किल्ली?”

“किल्ली दाजींकडेच असते. मी फक्त असतो.”

नियमावलीच्या चारशे बारा पानांत राखीव ड्युटीचे इतके नेमके वर्णन मला सापडले नव्हते. स्टेशनमास्तर चहाच्या टपरीकडे धावले. अडुसष्टाव्या वर्षी, हातात वैमानिकाची टोपी उंच धरून. आठ मिनिटे गेली. नऊ अडतीसला आम्ही विमानतळावर पोचलो. दहाच्या विमानासाठी वीस मिनिटे आधी, म्हणजे नऊ चाळीसला पोचायचे होते. माझी सिद्धता अजून उभी होती.

काउंटरवर मोठी रांग होती आणि ती हलत नव्हती. कर्मचाऱ्यांना रिकामी राहिलेली जागा मिळते, ती शेवटी. चिऊने आपले नाव दिले आणि बाजूला उभी राहिली. दहा वाजले. दहा दहा झाले. मी काउंटरवाल्या मुलीला कारण विचारले.

“को-पायलट आजारी आहेत, सर. सकाळपासून उलट्या चालल्यात. दुसरे मागवलेत.”

“कुठून?”

“बेसवरून. तिथला राखीव को-पायलट बोलावलाय. ते बेसवर हजर झाले, की एकच्या विमानात बसवून इकडे पाठवतील. मग हे विमान सुटेल. दोन-सव्वादोन होतील.”

मी चिऊकडे पाहिले. चिऊ माझ्याकडे पाहत होती. स्टेशनमास्तर टोपीकडे पाहत होते.

विमान सुटत नव्हते, कारण त्याला को-पायलट नव्हता. को-पायलट येत नव्हता, कारण तो बेसवर हजर झाला नव्हता. तो बेसवर हजर होत नव्हता, कारण तो या विमानाची वाट पाहत काउंटरपाशी उभा होता, आणि त्याच्या आईने त्याला डब्यात उकडलेली अंडी दिली होती. बत्तीस वर्षे मी अन्योन्याश्रयाची उदाहरणे पुस्तकांतून दिली. हे उदाहरण मला वर्गात मिळाले असते, तर एकही विद्यार्थी नापास झाला नसता.

“अकराचं विमान?” चिऊने विचारले.

मी कोष्टक पाहिले. अकराला सुटून अकरा पंचावन्नला उतरणे; हजेरीच्या खिडकीशी बारा दहा. सहा मिनिटे उशीर. सहा मिनिटांची लाल नोंद आणि सहा तासांची लाल नोंद, दोन्ही सारख्याच लाल असतात.

“तू इथेच आहेस असं सांगितलंस, तर बेसवर नव्हतीस हे उघड होतं,” मी हळू आवाजात म्हणालो. “नाही सांगितलंस, तर विमान सुटत नाही आणि उशीर होतो. दोन्ही बाजूंनी नोंद अटळ आहे. याला उभयतःपाश म्हणतात. यातून सुटण्याचे शास्त्रात तीन मार्ग सांगितले आहेत. पहिला असा—”

“बाबा, जरा थांबा.”

“पहिला मार्ग असा, की—”

“बाबा.”

मी थांबलो नाही. काउंटरकडे वळलो आणि तिथल्या मुलीला हा मूलतः एक तार्किक दोष असल्याचे समजावून सांगू लागलो. “सर,” ती म्हणाली, “दोष आमचा नाहीये. को-पायलटच्या पोटाचा आहे.” रांगेतल्या एका गृहस्थांनी मला विचारले, मी कंपनीचा माणूस आहे का, आणि असलो तर त्यांचे सामान कुठे आहे. दुसऱ्या एका बाईंनी मला धक्का देऊन माझी जागा घेतली. माझे कोष्टक खाली पडले आणि कुणाच्या तरी बॅगेची चाके त्यावरून, नऊ ते दहा या रकान्यांमधून, गेली.

मी ते उचलून सरळ उभा राहिलो तेव्हा चिऊ शेजारी नव्हती. ती काउंटरच्या टोकाशी, निवृत्तीला आलेल्या एका कॅप्टनपुढे उभी होती. ते आपल्या को-पायलटची चौकशी करायला बाहेर आले होते आणि बिस्किट खात होते.

“सर, कलम चौदा-दोन,” ती म्हणत होती. “पान दोनशे सत्त्याऐंशी. विमान अडकलं आणि त्या विमानतळावर कंपनीचा पात्र, विश्रांती झालेला, गणवेशातला कर्मचारी हजर असेल, तर कॅप्टन त्याला आपल्या अधिकारात घेऊ शकतात. नोंद नंतर केली तरी चालते.”

“असं आहे?” कॅप्टन म्हणाले. “मी तीस वर्षं उडवतोय. हे कलम वापरलेलं कुणी पाहिलं नाही मी.”

“आहे, सर.”

“तू इथे काय करतेयस पण?”

चिऊने बॅग खाली ठेवली. या एका उत्तरावर दोन वर्षे टांगलेली होती.

“बेसवर हजर व्हायला निघालेय, सर. बारा चारच्या आत.”

कॅप्टननी तिच्याकडे पाहिले, मग विमानाकडे, मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या चाके उमटलेल्या कागदाकडे आणि टोपी धरलेल्या स्टेशनमास्तरांकडे. त्यांना सगळे समजले असावे. अनुभवी माणसाला कुटुंब ओळखता येते.

“विश्रांती झालीय?” त्यांनी विचारले.

“सहा दिवस झोपूनच आहे, सर.”

हे एरवी साफ खोटे होते, फक्त आदल्या रात्रीपुरते खरे होते: तिच्या आईने त्या रात्री सगळ्यांचे फोन गोळा करून साडेआठलाच दिवे घालवले होते.

विमानतळावरच्या डॉक्टरांनी तिला दारूच्या चाचणीसाठी नळीत फुंकायला लावले, कागदावर सही केली, आणि दहा पंचेचाळीसला विमान हलले. पान दोनशे सत्त्याऐंशी मी वाचले नव्हते असे नाही. मी ते ओलांडले होते, कारण ते प्रकरण कॅप्टनांसाठी होते आणि माझा विषय योग्य ठिकाण हा होता. काचेपाशी उभे राहून स्टेशनमास्तरांनी खिशातला हिरवा रुमाल काढला आणि विमान वळेपर्यंत तो हलवत राहिले. कुणीही त्यांना हटकले नाही. रुमाल खाली करून ते म्हणाले, “पंचेचाळीस मिनिटं लेट. पण सुटली.”

पुढचे मला चिऊकडून कळले. अकरा चाळीसला विमान उतरले. अकरा पंचावन्नला ती हजेरीच्या खिडकीशी पोचली. नऊ मिनिटे शिल्लक. खिडकीत रोस्टरबाई होत्या. त्यांनी यंत्रात पाहिले.

“तुमचं काम असं आहे,” त्या म्हणाल्या. “एकच्या विमानात प्रवासी म्हणून बसायचं, तिकडे जायचं आणि तिथे अडकलेलं विमान घेऊन यायचं.”

“ते आलंय, मॅडम. मीच आणलं.”

रोस्टरबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिले. विमान समोरच उभे होते. मग त्यांनी पुन्हा यंत्रात पाहिले.

“यंत्रात ते अजून तिकडेच आहे.”

“मग काय करू?”

“यंत्रात आहे तसं करावं लागेल. जा तुम्ही.”

अशा रीतीने माझी मुलगी एकच्या विमानात, तेविसाव्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना झोपलेल्या प्रवाशांच्या कोपरांमध्ये बसून, स्वतःच आणलेले विमान आणायला निघाली. ती ज्यात बसली होती तेच ते विमान होते. एक पंचावन्नला ती आमच्या गावी उतरली. आणायला विमान नव्हते, कारण ती त्याच्यातून नुकतीच उतरली होती आणि ते दुसऱ्या वैमानिकांसह परत निघाले होते. दोन वाजता तिची राखीव ड्युटी संपली. सव्वादोनला ती घरी होती.

“लवकर आलीस,” तिची आई म्हणाली. “अंडी खाल्लीस का?”

एक मुद्दा नोंदवून ठेवतो: आमचे घर योग्य ठिकाण आहे की नाही, यावर शेवटपर्यंत मौन पाळणाऱ्या कंपनीने, राखीव ड्युटीच्या शेवटच्या मिनिटाला, आपल्याच विमानातून, आपल्याच आदेशाने, माझ्या मुलीला माझ्या घरी आणून सोडले होते.

फॉर्मवर रोस्टरबाईंनी लिहिले: ‘कर्मचारी वेळेत हजर.’ कुठून, याला रकाना नव्हता. तिसरी लाल नोंद झाली नाही. एक तारखेला यादी लागली आणि तिच्यात चिऊचे नाव होते, सातवे. बायको रडली. स्टेशनमास्तरांनी आपला फोन परत मागितला. तो तेव्हापासून आमच्या कपाटातच होता आणि त्यांना तो नसल्याचे विशेष जाणवले नव्हते.

त्याच आठवड्यात नियमावलीची दुरुस्ती निघाली. कलम नऊ-चारमध्ये आता स्पष्ट लिहिले आहे: ‘योग्य ठिकाण म्हणजे बेसच्या गावातील ठिकाण. नातेवाइकांचे घर अन्य गावी असल्यास ते, तेथून वेळेत पोचता येते असे कितीही सविस्तर सिद्ध केले असले तरी, योग्य ठिकाण मानले जाणार नाही.’ खाली बारीक अक्षरांत संदर्भ दिला आहे: ‘पाहा, एका कर्मचाऱ्याच्या वडिलांचे पत्र, पृष्ठे अकरा, कोष्टकासह.’ बत्तीस वर्षांत मी सत्तेचाळीस निबंध छापले. त्यांतल्या एकाचाही संदर्भ आजवर कुणी दिला नव्हता. तो पहिला संदर्भ मी कापून फाइलला लावला आहे. तो कुठे आहे ते मी पाहुण्यांना सांगतो, कशाबद्दल आहे ते सांगत नाही.

चिऊ कॅप्टन झाली. नव्या कॅप्टनांना ज्येष्ठतेच्या यादीत सर्वांत तळाशी जागा मिळते, आणि तळाच्या लोकांना राखीव ड्युटी जास्त असते हे आम्हाला नंतर कळले. आता तिला महिन्यातून बारा दिवस त्याच खोलीत, त्याच टाकीसमोर बसावे लागते. खांद्यावरच्या पट्ट्या तेवढ्या वाढल्या आहेत.

त्या बारा दिवसांत पहाटे पाचला आम्हाला आपोआप जाग येते. टॅक्सीवाले सवयीने दारात येऊन उभे राहतात आणि मेहुण्याला आणतात. स्टेशनमास्तर खाली येऊन खुर्ची ओढतात. बायको ओट्याशी उभी राहते, हात पुसते, फोनकडे बघते, पण लावत नाही. लाइन अडायला नको.

परवा नऊच्या सुमारास आमचा फोन वाजला. चिऊ होती.

“कुठल्या फोनवरून बोलतेयस?” बायकोने घाबरून विचारले.

“दुसऱ्या, आई. तुमच्यासाठी वेगळा घेतलाय. कंपनीचा समोर ठेवलाय.”

“मग? आला का फोन?”

“नाही ना. झोपही येत नाहीये. मघाशी अंघोळ केली तर दारात कुणीच उभं नव्हतं.” मग हळूच म्हणाली, “जरा वेळ फोन चालूच ठेवू का? बोलू नका कुणी. नुसते असा.”

बायकोने फोन ताटात ठेवला. आम्ही चौघे, म्हणजे ती, मी, स्टेशनमास्तर आणि किल्ली घेऊन वर आलेले टॅक्सीवाले, त्या ताटाभोवती खुर्च्या घेऊन दोन वाजेपर्यंत बसलो होतो.